मोती नावाचे आम्ही

माझं पाळण्यातलं नाव मोतीराम. पणजोबांचं नाव घराण्यात चालू राहावं म्हणून ते ठेवलं. पणजोबांना म्हणे अख्खा गाव 'मोतीरामबुवा' म्हणायचा. मला मात्र पहिल्या दिवसापासून 'मोती'. त्यातला 'राम' बारशाच्या घुगऱ्यांबरोबरच संपला. आता मोती हे नाव वाईट आहे असं कोण म्हणेल? अडचण एवढीच, की त्या काळी आमच्या दुधनीत ह्या नावाचे बरेच जण होते आणि त्यांतल्या बहुतेकांना शेपटी होती.

आमच्या घरातच तिघं. एक मी, दुसरा दारातला कुत्रा आणि तिसरा गोठ्यातला खिलार बैल. आजी ओट्यावर उभी राहून "मोत्याऽऽ" अशी हाक मारायची. सगळ्यांत आधी कुत्रा धावायचा, कारण त्याला वाटायचं भाकरी आहे. त्याच्या मागोमाग मी, कारण मलाही तेच वाटायचं. बैल नुसता कान हलवायचा. तिघांत पोक्त तोच. पाहुणे अंगणाबाहेरून विचारायचे, "मोती चावतो का हो?" आणि आई आतून मला दटावायची, "आता कुणाला चावलास रे?" दिवाळीत तर आणखी एका मोतीची भर पडायची. नरकचतुर्दशीच्या पहाटे वडील न्हाणीघरातून "मोती आणा रे!" असं ओरडले, की साबण घेऊन मी आत जायचो आणि आंघोळीच्या भीतीनं कुत्रा स्टेशनकडे पळायचा.

दुधनी हे तसं काठावरचं गाव. गाडी पुढे गाणगापूर रोडकडे निघाली की कर्नाटकच. त्यामुळे गावात निम्मं बोलणं मराठीत आणि निम्मं कानडीत. कानडीत मोत्याला 'मुत्तु' म्हणतात, आणि मुक्यालाही मुत्तुच म्हणतात. शेजारची अज्जी मला बघितलं की दोन्ही हात पसरून "मुत्तु कोडु" म्हणायची. म्हणजे 'मुका दे'. मला वाटायचं, ही मलाच मागून घेतेय. मी गोठ्यात जाऊन बैलाच्या मागे लपायचो. एका मोतीच्या आड दुसरा मोती.

१९८५ साली 'तेरी मेहरबानियाँ' नावाचा सिनेमा आला. त्यात जॅकी श्रॉफचा एक कुत्रा आहे. मालकाचा खून होतो आणि कुत्रा एकेका खुन्याला गाठून सूड घेतो. कुत्र्याचं नाव अर्थातच मोती. आमच्याकडे हा सिनेमा तीनचार वर्षांनी व्हिडिओवर आला आणि गल्लीत माझी पत एकदम वाढली. गोट्यांच्या डावात कुणी चिडी खेळलं, की पोरं मला पुढे ढकलायची. "जा बे मोती, सूड घे!" मी तीनदा सूड घ्यायला गेलो आणि तिन्ही वेळा मार खाऊन आलो. जॅकी श्रॉफच्या कुत्र्याला पटकथा होती. मला नव्हती.

पुढे बँकेत लागल्यावर आणखी एक नावबंधू भेटला. किपलिंगच्या १८९१ सालच्या एका गोष्टीत मोती गज नावाचा हत्ती आहे. त्याचा दारुडा माहूत आई वारल्याचं खोटंच सांगून दहा दिवसांची रजा काढतो. हत्ती दहा दिवस इमानानं दुसऱ्याच्या हाताखाली राबतो. अकराव्या दिवशी माहूत परत आला नाही, तेव्हा तो सरळ काम बंद करतो. रजा, तिचं कारण आणि संप, सगळं एकाच गोष्टीत! आमच्या युनियनच्या सभेत मी ती सांगितली, तेव्हा हत्तीला सभासद करून घ्यावं अशी सूचना आली.

पण सगळ्या मोतींत मला जवळचा आणि अवघड वाटतो तो प्रेमचंदांचा. 'दो बैलों की कथा' ही १९३१ सालची गोष्ट. झुरी नावाच्या शेतकऱ्याचे दोन बैल, हिरा आणि मोती. हिरा सोशिक, मोती तापट. कोंडवाड्यात अडकल्यावर मोती शिंगांनी भिंत पाडून बाकीची जनावरं पळवून लावतो, पण हिऱ्याचा दोर तुटत नाही म्हणून स्वतः मात्र थांबतो. शेवटी लिलावात विकले गेलेले ते दोघे वाटेतून धावत सुटतात आणि आपल्या घरी येतात.

ही गोष्ट आम्हांला हिंदीच्या मास्तरांनी बारावीत सांगितली. त्याच वर्षी, जानेवारी १९९८ मध्ये, वडिलांनी आमचा मोती सोलापूरला सिद्धेश्वराच्या यात्रेतल्या जनावरांच्या बाजारात नेला. जोडीदार सोन्या आदल्या साली गेला होता. एका बैलावर शेत होत नाही, आणि जूनमध्ये मला बी. कॉम.ला घालायचं होतं. वडील म्हणाले, "घरात दोन मोती न्हाई परवडत. एकानं शिकावं." सौदा रुमालाखाली झाला. दलालानं आणि वडिलांनी कापडाखाली बोटं धरली, दाबली, सोडली. मी शेजारीच उभा होतो, पण आकडा कळला नाही. मोतीनं जाताना कान हलवला. कुणी हाक मारली होती कोण जाणे.

पुढे दोनतीन महिने रात्री दारात खुरांचा आवाज झाला की मी उठून बघायचो. प्रेमचंदांचा मोती आला होता, आमचाही येईल, असं वाटायचं. आला नाही. आज मी दुसऱ्यांच्या ठेवींचा पै-पैचा हिशेब ठेवतो, पण माझी पदवी कितीला पडली ते मला ठाऊक नाही. वडिलांना दोनदा विचारलं. दोन्ही वेळा ते म्हणाले, "पुरलं ना? मग झालं."

गेल्या महिन्यात एक म्हातारे शेतकरी बैलाच्या कर्जासाठी आमच्या शाखेत आले. हल्ली जनावराच्या कानात पिवळा बिल्ला असतो आणि त्यावर बारा आकडी नंबर. माझं आधारही बारा आकडीच. सरकारनं आम्हां दोघांना पुन्हा एका दावणीला आणून बांधलंय! अर्जात जात, वय, रंग, बिल्ला, किंमत असे सगळे रकाने होते. नावाचा नव्हता. मी विचारलं, "बैलाचं नाव काय, मामा?"

"मोती. का वं सायब?"

मी समासात पेन्सिलीनं बारीक अक्षरात लिहिलं, मोती. संध्याकाळी मॅनेजरसाहेबांनी कागद उचलला आणि चष्मा वर करून विचारलं, "हे काय? अर्जदाराचं टोपणनाव?"

"नाही साहेब," मी म्हटलं, "माझं."