विसार देण्यापूर्वी

व्यापारी घरातला माणूस माल घेताना नमुना पाहतो, वजन करून घेतो, हमाली, भाडे, घट आणि उधारीचे व्याज धरतो आणि मगच भाव बोलतो. तोच माणूस घर घेताना मात्र अंगणातली तुळस आणि माडीवरचा झोपाळा पाहून भुलतो. बँकेतील छत्तीस वर्षांच्या नोकरीत हे मी अनेकदा पाहिले. दुसऱ्यांचे कशाला, मी स्वतःही भुललो आहे. १९९४ साली बदलीच्या गावी एक जुने घर घेतले, तेव्हा दुरुस्तीला साठ हजार लागतील असा माझा हिशेब होता. प्रत्यक्षात एक लाख नव्वद हजार लागले. शेवटच्या चाळीस हजारांसाठी सौभाग्यवतींच्या बांगड्या तारण ठेवाव्या लागल्या, आणि त्याही आमच्याच शाखेत. ज्या टेबलावर बसून मी इतरांचे दागिने तोलून घेत असे, त्याच टेबलासमोर उभे राहून मी सही केली. त्यांनी त्याविषयी एक शब्दही काढला नाही, म्हणून ती गोष्ट मला अजून विसरता आलेली नाही.

हे सारे पुन्हा आठवण्याचे कारण म्हणजे माझा पुतण्या. त्याचे चिपळूणच्या बाजारपेठेत किराणा मालाचे दुकान, आणि कुटुंब दुकानाच्या वर राहत असे. २२ जुलै २०२१ च्या पहाटे वाशिष्ठी आणि शिव या दोन्ही नद्यांचे पाणी शहरात शिरले. २००५ चा पूर पाहिलेली माणसेही त्या दिवशी हबकली. साखर, पीठ, डाळी सारे चिखलात गेले आणि मुलाबाळांसह दोन दिवस वर अडकून पडावे लागले. तेव्हाच त्याने ठरवले की दुकान बाजारात राहू दे, घर मात्र वेगळे हवे.

२०२२ च्या दिवाळीनंतर त्याला एक घर मिळाले. किंचित चढावर, चिऱ्याच्या भिंती, कौलारू छप्पर, वर माडी, मागे विहीर. मालकीणबाई सत्तरी ओलांडलेल्या, एकट्या राहणाऱ्या, मुलगा पुण्याला. मागणी चौतीस लाखांची. पुतण्या म्हणाला, "काका, रंग आणि लाद्या, तीन लाखांत घर उभे राहते. पाडव्याला विसार देऊन टाकू का?" मी म्हटले, "पाडवा पुढच्या वर्षीही येईल. मला आठ दिवस दे."

त्या आठ दिवसांत काय केले ते सविस्तर लिहितो, कारण पुढे कुणाला तरी उपयोग होईल.

प्रथम कागद पाहिले. मिळकत पत्रिका, घरपट्टीची पावती, तीस वर्षांच्या व्यवहारांचा वकिलाकडून शोध आणि नगरपरिषदेतील पूररेषेचा नकाशा. निळी रेषा म्हणजे पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल रेषा म्हणजे शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळ्या रेषेच्या आत नवे बांधकाम करता येत नाही, दोन्ही रेषांच्या मध्ये अटी लागतात. जुने घर पाडून नवे बांधू, असा विचार मनात असेल तर तो या नकाशासमोर तपासावा. हे घर दोन रेषांच्या मध्ये होते, म्हणजे आहे ते दुरुस्त करणे हाच मार्ग.

मग गवंडी, सुतार आणि वायरमन अशा तिघांना वेगवेगळ्या दिवशी नेले. तिघांना एकत्र नेले की एकजण दुसऱ्याच्या माथी काम ढकलतो आणि त्या कामाची रक्कम कुणाच्याच कागदावर येत नाही. सुताराने कौले बाजूला करून वासे ठोकून पाहिले, तर बरेच वासे आतून पोकळ. वाळवी लागली होती. गवंड्याने जमिनीलगतचा गिलावा खरवडला. चिरा सच्छिद्र दगड. वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडणाऱ्या प्रदेशात तो पाणी पितो आणि भिंतीला लोणा धरतो. वायरिंग लाकडी पट्टीतले, अर्थिंग नाही.

त्यावरून मी कागद मांडला. छप्पर आणि सुतारकाम ४ लाख २० हजार, भिंतींचा ओलावा व गिलावा २ लाख ३० हजार, वायरिंग १ लाख ४० हजार, शौचालय, सेप्टिक टाकी आणि नळ २ लाख १० हजार, लाद्या व ओटा १ लाख ९० हजार, दारे, खिडक्या आणि रंग १ लाख ६० हजार. एकूण १३ लाख ५० हजार. पुतण्याचे तीन लाख कुठल्या कुठे राहिले.

छपराच्या रकमेत एक गोष्ट आमच्या घरची होती. सुतार म्हणाला, औषध मारले की वाळवी मरेल, वासे निम्मे वाचतील आणि लाखभर रुपये कमी होतील. वहिनींनी, म्हणजे पुतण्याच्या आईने, ठाम नकार दिला. नव्या घराची सुरुवात त्याने करायची नाही. तेव्हा पोकळ वासे काढून लोखंडी पाइप घालायचे, काढलेले लाकूड जाळायचे नाही, परसात आंब्याखाली नेऊन ठेवायचे, असे ठरले. ही रक्कमही मी अंदाजातच धरली. आपले नियम पाळायला खर्च येत असेल, तर तो आधी लिहिलेला बरा.

कागद घेऊन आम्ही आजींकडे गेलो. वयाने मोठ्या बाईंसमोर भाव पाडायचा म्हणून पुतण्या संकोचला होता. मी एकेक रक्कम वाचून दाखवली. त्यांनी शांतपणे ऐकले आणि म्हणाल्या, "साहेब, यात पाण्याचा खर्च कुठे दिसत नाही."

मी म्हटले, "पाणी या चढापर्यंत आले नव्हते, असेच सगळे सांगतात."

त्या उठल्या. कोठीच्या खोलीत भिंतीतले जुने लाकडी कपाट होते. त्याचे दार त्यांनी आतून दाखवले. छातीइतक्या उंचीवर गाळाची सरळ रेघ होती. "मुलाने पुरानंतर भिंती रंगवून घेतल्या. सांगू नको म्हणाला होता. पण लहान मुले राहायला येणार ना इथे?"

छत्तीस वर्षे इतरांचे मूल्यांकन अहवाल तपासणारा मी, नकाशावर घर दोन रेषांच्या मध्ये दिसत असूनही ताज्या रंगावर आणि लोकांच्या बोलण्यावर विसंबलो होतो. कपाटाचे दार उघडून पाहावे हे मला सुचले नव्हते.

घरी येऊन कागद नव्याने मांडला. स्वयंपाकघर माडीवर, विजेचा मुख्य बोर्ड माडीवर, तळमजल्यावर फक्त पाण्याने बिघडणार नाही असे सामान. त्यासाठी दीड लाख वाढले, एकूण १५ लाख झाले. त्यावर अकल्पित खर्चासाठी वीस टक्के, म्हणजे ३ लाख. जुन्या घरात भिंत उघडल्याशिवाय आतले कळत नाही, म्हणून ही रक्कम ऐच्छिक समजू नये. शिवाय काम चालू असताना सहा महिन्यांचे भाडे ६० हजार. पावसाळ्यात छपराचे काम होत नाही आणि चिरेखाणीही बंद असतात, त्यामुळे मृगापूर्वी काम आटोपले नाही तर भाडे वाढते. सगळे मिळून १८ लाख ६० हजार.

त्याच भागात, तेच पाणी पाहिलेली आणि दुरुस्त झालेली दोन घरे पंचेचाळीस लाखांच्या आसपास विकली गेली होती. पंचेचाळीसमधून खर्च वजा केला की २६ लाख ४० हजार उरतात. घराची आमच्यासाठीची किंमत ती. मुद्रांक शुल्क आणि नोंदणी त्याहून वेगळी. बँक तीस लाखांपर्यंतच्या गृहकर्जात किमतीच्या नव्वद टक्क्यांपर्यंत देते, पण अशा घरांच्या किमतीत हे शुल्क धरत नाही. ते खिशातूनच जाते, आणि दुरुस्तीचे कर्ज निराळे मागावे लागते.

व्यवहार साडेसत्तावीस लाखांना ठरला. मी आकड्यावर बोट ठेवून सांगितले की हे १ लाख १० हजार जास्त होतात. पुतण्या म्हणाला, "काका, त्यांनी कपाट उघडले नसते तर आपण किती दिले असते?" मी गप्प बसलो. त्या दिवशी माझ्या हिशेबापेक्षा त्याचा हिशेब बरोबर होता.

काम २०२३ च्या मे अखेरीस संपले. माझा अंदाज चुकलाच. भिंतीत दडलेली एक मुख्य तुळई कुजलेली निघाली आणि सेप्टिक टाकीला कातळ लागला. राखून ठेवलेले तीन लाख पूर्ण संपले, वर पंचेचाळीस हजार लागले. पण ते दुकानाच्या गल्ल्यातून सहज निघाले. कुणाच्या बांगड्या बँकेत गेल्या नाहीत.

वास्तूच्या दिवशी आजी पुण्याहून आल्या होत्या. कपाट सुताराने स्वच्छ करून दिले होते, दाराची आतली बाजू मात्र पुतण्याने तशीच ठेवायला सांगितली होती. त्या रेघेच्या वर त्याच्या मुलाने पेन्सिलीने तारीख लिहिली आहे, २२ जुलै २०२१. त्या रेघेखाली विजेचे एकही बटण नाही.