घोडकाठची पांढरी

चौफुल्याहून शिरूरच्या वाटेला लागलं की आधी केडगाव-पारगावकडची गुऱ्हाळं येतात, मग भीमेचा पूल. पुलाच्या अलीकडे दौंड तालुका, पलीकडे शिरूर. न्हावऱ्याहून पूर्वेला वळलं की दोन्ही अंगांनी ऊस, आणि उसातून पुढे घोड नदीच्या काठावर इनामगाव. नदीलगत जमीन जराशी उंचावते, तिचा काळा रंग जाऊन राखट होतो. शेताची ती काळी आणि वस्तीची ती पांढरी, हे आपल्याकडच्या शेतकऱ्याला सांगावं लागत नाही. पिढ्यान्‌पिढ्या माणसं एका जागी राहिली, चुली पेटल्या, दावणीला जनावरं बांधली गेली, पडक्या भिंतींवर नव्या भिंती चढल्या, म्हणजे मातीला तो रंग येतो. इनामगावच्या पांढरीत पहिली चूल पेटली ती साडेतीन हजार वर्षांमागे.

१९६८ साली पुण्याच्या डेक्कन कॉलेजची मंडळी इथे उतरली. ह. धी. सांकलिया, झेड. डी. अन्सारी, म. के. ढवळीकर आणि त्यांचे विद्यार्थी. १९८३पर्यंत हंगामामागून हंगाम उत्खनन चाललं. एखादा खोल खड्डा घेऊन थर मोजून परत जायचं, अशी ती खोदाई नव्हती. त्यांनी पांढरी आडवी उघडत नेली. म्हणून शंभरावर घरं, त्यांच्या ओसऱ्या, चुली, बळदं, मधल्या वाटा असं सबंध गाव उजेडात आलं. सातू हे त्यांचं मुख्य पीक. शिवाय गहू, मसूर, वाटाणा. नदीचं पाणी वळवून आणणारा पाटही सापडला. आज घोड आणि चासकमानच्या कालव्यांवर जगणाऱ्या या तालुक्यात पाण्यासाठी खोदलेला तो बहुधा पहिला चर असेल, असं मला आपलं वाटतं.

माझ्या नात्यातल्या एका आजोबांनी तरुणपणी तिथे मजुरी केली होती. कुदळ फार थोडा वेळ हातात असायची, ते सांगत, पुढे सगळं काम कुंच्याचं. ‘लेकराला न्हाऊ घातल्यावर अंग टिपतात ना, तशी माती टिपायची.’

त्यांना ठाऊक होतं ते काय बोलत होते. इनामगावात लहान मूल गेलं की त्याला घराच्याच जमिनीखाली ठेवत. दोन रांजण आडवे करून तोंडाला तोंड लावायचे, आत मूल, जवळ वाडगे, तोटीचं भांडं. वरून जमीन सारवून घ्यायची आणि त्याच जमिनीवर रांधायचं, निजायचं. मोठ्या माणसाला पुरताना बहुतेक वेळा घोट्याखालची पावलं तोडलेली असत. त्याने कुठे निघून जाऊ नये म्हणून, असा अभ्यासकांचा तर्क. याला अपवाद एक माणूस. वस्तीच्या मध्यावर पाच खोल्यांचं मोठं घर, त्याच्या अंगणात कच्च्या मातीचा चार पायांचा पोटफुगा रांजण, आणि त्यात मांडी घालून बसवलेला तो, दोन्ही पावलांसकट. गावचा प्रमुखच असावा.

आणि ती देवी. एका घराच्या जमिनीखाली मातीची लंबगोल डबी मिळाली. डबीत एक स्त्रीमूर्ती, झाकणावर दुसरी, बिनडोक्याची, आणि शेजारी मातीचा बैल. तिच्या पोटाला भोक आहे, बैलाच्या पाठीलाही भोकं आहेत. काडी खोवली की ती बैलावर नीट उभी राहते. दोन्ही मूर्ती कच्च्या मातीच्या, बोटभर उंचीच्या. कुणीतरी चिमटीने तिला आकार दिला, पूजली आणि डबीत घालून ठेवून दिली. एवढीशी कच्ची माती तीन हजार वर्षं टिकते आणि कुंच्याखाली अखंड हाती येते, याने मला आजही भरून येतं.

हे सगळं पुण्याला गेलं, येरवड्याला, डेक्कन कॉलेजात. जायलाच हवं होतं. उन्हापावसात ते उरलं नसतं. जोर्वे पद्धतीची ती तांबडी भांडी, त्यांवरच्या काळ्या रेघा, कंगोरेदार वाडगे, टिचकी मारली तर धातूसारखा नाद देणारं खापर. त्यांच्यासमोर उभं राहिलं की वाटतं, ही आपल्याकडची मडकी आहेत, घोडच्या गाळाची. पण उत्खनन करणाऱ्यांनी ती नेली तेव्हा त्यांच्यावर आणखी एक काम येऊन पडलं, सापडलेलं सांगण्याचं. ते त्यांनी मनापासून केलं. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या वार्षिक आढाव्यांत हंगामागणिक इनामगावची नोंद आहे, आणि ते आढावे आज कुणालाही फुकट उतरवून घेता येतात. १९८८मध्ये सविस्तर अहवाल निघाला. एनसीईआरटीच्या सहावीच्या इतिहासात घोडकाठचं हे गाव आलं आणि देशभरातल्या मुलांनी त्या पाच खोल्यांच्या घरातल्या माणसाविषयी वाचलं. संग्रहालयाची खरी भिंत कपाटाची काच नव्हे, सांगणं थांबलं की ती उभी राहते.

ही भिंत उतरवता येते, हे वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियनने दाखवलं. ती जगातली सर्वांत मोठी संग्रहालय-संस्था. जेम्स स्मिथसन या ब्रिटिश शास्त्रज्ञाने, कधीही अमेरिकेत पाऊल न टाकता, ज्ञान वाढावं आणि पसरावं म्हणून संपत्ती ठेवली, त्यातून १८४६ साली ती उभी राहिली. फेब्रुवारी २०२०मध्ये तिने २८ लाख चित्रं आणि त्रिमितीय प्रतिकृती एकदम खुल्या केल्या. पाहा, उतरवून घ्या, छापा, हवं ते करा, परवानगी मागायला नको, पैसे नकोत. एवढ्या थोर संस्थेने वस्तूवरचा हात असा सैल सोडला, हे मला तिच्या इमारतींपेक्षा मोठं वाटतं.

उघडं ठेवल्याने काय होतं, याचा दाखला इनामगावातच आहे. शेवटच्या काळात, इसवी सनापूर्वी १००० ते ७००, इथली ऐसपैस चौकोनी घरं जाऊन लहान गोल झोपड्या आल्या, शेती आटली, शिकार वाढली. पाऊस हटला, अशी मांडणी ढवळीकरांनी केली. ती शिरूरच्या पूर्व पट्ट्यातल्या माणसाला लगेच पटते. उत्खनन चालू असतानाच १९७२चा दुष्काळ येऊन गेला होता. पुढे सुभाष वाळिंबे आणि जॉन लुकाक्स यांनी सांगाड्यांचा अभ्यास करून ठेवला. त्यानंतर ग्वेन रॉबिन्स शुग या अमेरिकी संशोधिकेने रांजणांतल्या त्या लेकरांची हाडं पुन्हा तपासली, त्यांच्या खुंटलेल्या वाढीचा माग काढला आणि २०११च्या ग्रंथात हवामान व ऱ्हास यांचा सांधा नव्याने तपासायला घेतला. हाडं जपली नसती, नोंदी हाती लागल्या नसत्या, तर ढवळीकरांचं म्हणणं नुसतं मानावं किंवा नाकारावं लागलं असतं. ते पारखता आलं, हा त्यांच्याच कामाचा मान आहे.

तरीही इनामगावचं सगळंच सरसकट फोनवर यावं असं मी म्हणणार नाही. भांडी यावीत, देवी यावी, घरांचे आराखडे यावेत. रांजणातली ती तान्ही मात्र कुणाच्या तरी आईने आपल्या चुलीजवळ ठेवली होती, दूर धाडवेना म्हणून. अभ्यासकाला ती हवीत, त्याने जरूर पाहावीत. बोट सरकवत पुढे जाणाऱ्या नजरेसमोर ती मांडू नयेत.

बाकीच्यासाठी साधनं दूर नाहीत. संग्रहालयांतल्या वस्तू संगणकावर आणणारी ‘जतन’ ही प्रणाली पुण्याच्याच सीडॅकने घडवली. दिल्लीचं राष्ट्रीय संग्रहालय, कोलकात्याचं भारतीय संग्रहालय, हैदराबादचं सालारजंग यांच्या वस्तू तिच्यामुळे घरबसल्या दिसतात. तशीच इनामगावची प्रत्येक वस्तू दिसावी, आणि तिच्याखालचा मजकूर न्हावऱ्याच्या शाळेतल्या, दौंडच्या रेल्वे वसाहतीतल्या मुलीला वाचता येईल अशा मराठीत असावा. १९८८चा तो अहवाल इंग्रजीत आहे. ज्या गावचा तो आहे तिथल्या घराघरांत तो आपल्या भाषेतून पोचावा, ही माझी फार जुनी आस आहे.

आणि भांड्यांच्या बरोबरीने उत्खननाचे फोटो यावेत. घराचा पाया उघडा पडलेला, कडेला मोजपट्टी, मागे धोतर-मुंडाशातले गडी आणि डोक्यावर पाटी घेतलेल्या बाया. भांड्यांना नोंद-क्रमांक असतात, या माणसांना नावं आहेत. फोटो समोर धरला तर हा आमचा थोरला, ही अमक्याची आई, असं बोट ठेवून सांगणारी माणसं आता ऐंशीच्या घरात आहेत. त्यांची नजर शाबूत आहे तोवर ते फोटो गावात यायला हवेत.