रद्दीतला पोलॉक

कुणी काय जमवावे याला काही नेम नसतो. माझ्या ओळखीचे एक गृहस्थ बसची तिकिटे जमवतात. मी अमेरिकन चित्रकलेवर मजकूर असलेली जुनी मासिके-साप्ताहिके जमवतो. घरी या संग्रहाला ‘रद्दी’ असा एकच शब्द आहे, आणि बहुतेक अंक किलोच्या भावानेच घरात आलेले असल्यामुळे मला तो खोडून काढता येत नाही.

या छंदाचा उगम मात्र एका अपराधात आहे. मामाकडे माळ्यावर ‘लाइफ’ साप्ताहिकाचे अंक होते. आजोबांनी फोर्टच्या फुटपाथवरून वेचून आणलेले. सातवीच्या सुट्टीत मी त्यांतली चित्रे कापून वहीत चिकटवली. मामा रागावला नाही. त्याने कात्री उचलली, फळीवर ठेवली आणि तो बाहेर निघून गेला. रागावला असता तर बरे झाले असते.

कॉलेजात आल्यावर ग्रंथालयातल्या एका पुस्तकात जॅक्सन पोलॉकचे छायाचित्र दिसले आणि मी दचकलो. हाताची घडी, तोंडात सिगरेट, मागे लांबलचक चित्र. हा मनुष्य तर माझ्या वहीत एक मोटार आणि एक कुत्रा यांच्यामध्ये कित्येक वर्षे उभा होता!

अंक ८ ऑगस्ट १९४९चा. मामाकडून मागून आणला, तर त्या पानाला खिडकी पडलेली. तो मजकूर आता संगणकावर फुकट वाचता येतो, तसा वाचला. अमेरिकेतला सर्वांत थोर हयात चित्रकार हाच का, असा प्रश्न मथळ्यात, आणि उत्तराची जबाबदारी संपादकांनी सफाईने टाळलेली. चित्र अठरा फूट लांब, किंमत १,८०० डॉलर, म्हणजे फुटाला शंभर, असा हिशेबही दिला आहे. कापडाच्या दुकानातला भाव! आज तेच चित्र लंडनच्या टेट संग्रहालयात आहे. पुस्तके पोलॉकला थोर ठरवूनच सुरुवात करतात; त्या अंकाला मात्र अजून काहीच ठाऊक नाही. १९५६ साली मोटार-अपघातात हा माणूस जाणार, हेही नाही. मला जुने अंक हवेसे वाटतात ते त्यांच्या या अज्ञानासाठी.

१५ जानेवारी १९५१चा अंकही माझ्याकडे आहे. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाच्या प्रदर्शनाविरुद्ध पत्रक काढणाऱ्या चित्रकारांपैकी पंधरा जणांचे छायाचित्र त्यात आहे. चौदा पुरुष, आणि सर्वांच्या मागे उंचावर उभी एकटी हेडा स्टर्न. ती शंभर वर्षे जगली, २०११ साली वारली. पण पुष्कळांना ती माहीत आहे ती एवढ्या एका छायाचित्रामुळेच.

गेल्या दिवाळीत वहीतला पोलॉक वाफेवर धरून सोडवला. खळ जुनी होती; कागद दोन ठिकाणी फाटला. लहानपणी मी कडा सढळ हाताने छाटल्या होत्या, त्यामुळे तो खिडकीत नीट बसेना. तरी बसवला आणि अंक मामाच्या हातात दिला.

मामाने चष्मा लावला. बराच वेळ पाहिले.

“सिगरेट कुठे गेली रे याची?”

“वहीतच राहिली.”

“मग वहीही घेऊन ये,” मामा म्हणाला, आणि माळ्यावर चढायला त्याने मला स्टूल पुढे केले. वर आणखी एक गठ्ठा होता.