हंबरडा

इंग्रजीत ‘युल्युलेट’ असा एक शब्द आहे. मोठ्याने गळा काढून रडणे हा त्याचा अर्थ. तो लॅटिनमधून आला. लांडग्याच्या, घुबडाच्या ओरडण्याची ती नक्कल. आपल्या ‘उलूक’मध्येही तोच नाद आहे. मौज अशी की हाच शब्द लग्नाच्या आनंदालाही चालतो. अरब बायका जीभ हलवून काढतात तो लांब सूर काय किंवा बंगाली बायकांची उलूध्वनी काय, इंग्रजीत दोन्ही हेच. आपल्याकडे बोंब तशी आहे. तोंडावर पालथी मूठ मारून ती शिमग्याला मारतात, आणि चोर आला तरीही.

निव्वळ दुःखाचे शब्द मात्र मराठीत भरपूर. ‘हंबरडा’ वासरासाठी हंबरणाऱ्या गाईकडून आला. हंबरडा आणि टाहो फोडावे लागतात. उर्दूत धाडे मारून रडतात. शिवाय उर्दूत ‘बैन’ आहे, म्हणजे गेलेल्याचे गुण सांगत, हेल काढत रडणे. आमच्या वऱ्हाडातल्या म्हाताऱ्या नेमके तेच करतात.

मुसलमान घरांत बैन मना आहे. गाल बडवू नयेत, कपडे फाडू नयेत, असे हदीस सांगते. ते खरेच. पण पैगंबरांचा तान्हा मुलगा इब्राहिम गेला तेव्हा त्यांचे डोळे वाहत होते, आणि कोणी नवल केले तर ही रहमत आहे असे ते म्हणाले, हेही हदीसच सांगते. मय्यतीच्या घरी पुरुष पहिली ऐकवतात, दुसरी क्वचित. बायकांनी ओढणीचा बोळा तोंडात धरून सब्र करायचा.

सब्राची एक मोठी गोष्ट वलगावलाही माहीत आहे. इथेच, पेढी नदीजवळ, 20 डिसेंबर 1956 रोजी गाडगे महाराजांनी देह ठेवला. मुलगा गोविंद गेल्याची खबर त्यांना कीर्तनात मिळाली, तरी त्यांनी कीर्तन थांबवले नाही. ही गोष्ट मला नेहमी मोठी वाटली, आणि थोडी भीतीही वाटली. गोविंदाच्या आईचे काय झाले, ते त्या गोष्टीत येत नाही.

आपाचा दोन वर्षांचा मुलगा तापाने गेला तेव्हा ती भिंतीला टेकून कोरड्या डोळ्यांनी बसली होती. मामू ‘सब्र, बेटा, सब्र’ म्हणत होते. तेवढ्यात शेजारच्या आजी आल्या. त्यांना कोण हदीस सांगणार? उंबऱ्यातूनच त्यांनी हंबरडा फोडला, ‘माह्या सोन्या रे, कुठी गेला रे!’ आपाने मान वर केली आणि त्यांच्या सुरात सूर मिसळला. मामू उठून अंगणात गेले. संध्याकाळी आपाने पाणी मागितले.