ब्रेकची फर्द आणि ग्राहकाची खातरजमा

मोटारीच्या सेवाकेंद्रातून आज अंदाजपत्रकाची जी फर्द हाती आली, तीत पुढील ब्रेक पॅड व डिस्क बदलणे आवश्यक असल्याचा हुकूम होता; परंतु पॅडची जाडी किती उरली, डिस्क किती झिजली, याचा उल्लेख कोठेही नव्हता. ज्या यंत्रावर कुटुंबाचे प्राण विसंबून असतात, त्याविषयीचा निर्णय प्रमाणाविना व्हावा, हे मला असह्य वाटते. वास्तविक हे प्रमाण दुर्लभ नाही: डिस्कची किमान ग्राह्य जाडी बहुधा तिच्यावरच कोरलेली असते, आणि व्हर्नियर लावून प्रत्यक्ष जाडी तिच्याशी पडताळण्यास फारसा वेळ लागत नाही.

ब्रेक ऑइलचे महत्त्वही असेच निर्विवाद आहे. ते हवेतील आर्द्रता शोषून घेते. डॉट ४ प्रतीच्या ज्या द्रवाचा उत्कलनबिंदू कोरड्या अवस्थेत किमान २३० अंश सेल्सिअस असावा लागतो, त्यासाठीच पाणी शोषल्यानंतरची किमान मर्यादा १५५ अंश आहे. आणि आंबेनळीसारख्या घाटाच्या दीर्घ उतारावर, वरच्या गिअरमध्ये केवळ ब्रेकवर भिस्त ठेवून उतरताना, तापलेल्या द्रवाची वाफ झाली की पेडल पोकळ होऊन खाली जाते. म्हणून ब्रेक ऑइल मुदतीत बदलावे, याविषयी माझ्या मनात तिळमात्र संदेह नाही.

माझा आग्रह इतकाच, की सल्लागाराने ग्राहकाला चाकापाशी नेऊन माप दाखवावे, जॉब कार्डावर त्याची नोंद करावी, आणि काढलेले जुने भाग मागताच हवाली करावेत. ज्याचे निदान खरे आहे त्याला पुराव्याचे भय नसते, आणि ज्याची खातरजमा झाली तो ग्राहक मोबदला संतोषाने देतो.