चुकलास की चुकवलंस?

'वेड पांघरून पेडगावला जाणे' हा वाक्प्रचार आपण सर्वांनी शाळेत पाठ केलेला. त्यातील पेडगाव म्हणजे भीमाकाठचे, श्रीगोंदे तालुक्यातील, बहादूरगडाचे. परभणी जिल्ह्यातील पेडगाव निराळे, काळ्या मातीतले. तेथे माझे तीन-चार जुने मित्र आहेत. त्यांच्या ओट्यावर कॅरमची फळी मांडली गेली की मला हटकून तो वाक्प्रचार आठवतो. कारण पैजेच्या कॅरममध्ये वेड पांघरणारा एक तरी गडी असतोच. पहिल्या दोन डावांत तो भोकाच्या तोंडावरची सोंगटी चुकवतो, "आज हातच बसंना, फादर" म्हणून बोटावर फुंकर घालतो. पैज वाढली रे वाढली की तेच बोट मंत्र घातल्यासारखे चालू लागते.

सेमिनरीत रात्रीच्या जेवणानंतर आम्ही कॅरम खेळत असू. तेथे पैज नव्हती, त्यामुळे राणीचे कव्हर हुकले तरी कोणाला सुतक नसे. खरे सांगायचे तर तो खेळ थोडा अळणीच होता. चार कप चहा पणाला लागले, की मोठी माणसेही श्वास रोखून स्ट्रायकरवर वाकतात. ७४ सेंटिमीटरची चौकोनी फळी, नऊ काळ्या, नऊ पांढऱ्या, मधोमध तांबडी राणी. एवढ्याशा जागेत माणसाचा स्वभाव जितका उघडा पडतो तितका पुष्कळदा कबुलीजबाबाच्या खुर्चीतही पडत नाही! आणि हा रिकामटेकड्यांचा खेळ आहे असे कोणी म्हणू नये. चेन्नईचे मारिया इरुदयम १९९१ आणि १९९५ मध्ये जगज्जेते झाले आणि १९९६ चा अर्जुन पुरस्कार या खेळाकडे प्रथमच त्यांनी आणला.

परंतु एका वेचणीच्या हंगामात ओट्यावर चहाऐवजी नोटा आल्या. आठवड्याची मजुरी खिशात असलेला एक तरुण बसला होता. समोर आमचा उस्ताद. दोन डाव उस्ताद हरला. तिसऱ्यापासून फळीवर त्याचेच राज्य. दिवेलागणीपर्यंत पोराचे तीनशे रुपये गेले. दुसऱ्या दिवशी मी तेथे पोहोचलो तेव्हा त्याने मला बाजूला नेऊन विचारले, "फादर, हरलेलं मागता येतं का?"

प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. आपल्याकडचा १८८७ चा जुगार प्रतिबंधक कायदा निव्वळ कौशल्याच्या खेळाला लागू होत नाही, आणि कॅरममध्ये फासा नाही की पत्ता नाही, हेही खरे. १९९२ च्या धर्मशिक्षण-ग्रंथानेही खेळ वा पैज मुळातच अन्यायाची मानलेली नाही. मात्र जी पैज माणसाच्या वा त्याच्या आश्रितांच्या गरजेचे हिरावून घेते ती तेथे त्याज्य ठरवली आहे, आणि खेळातील लबाडीही. घरचा किराणा व्हायचा होता, म्हणजे पहिली अट तर मोडलीच होती. मला दुसरी अधिक बोचत होती. उस्तादाने ना सोंगटी सरकवली, ना गुण खोटे मोजले. तरीही ज्या खेळाडूशी पैज लावली असे त्या पोराला वाटत होते, तो खेळाडू समोर बसलेलाच नव्हता. मग त्या पैजेला त्याची संमती होती असे कसे म्हणावे?

मी उस्तादाजवळ जाऊन बसलो. तो फळीवर बोरिक पावडर पसरत होता.

"मी कुठं खोटं बोललो, फादर? नुसता चुकलो."

"चुकलास की चुकवलंस?"

तो काही बोलला नाही. पावडर मात्र गरजेपेक्षा बराच वेळ पसरत राहिला. संध्याकाळी त्याने त्या पोराला हाक मारून शंभराच्या दोन नोटा परत दिल्या. तिसरी ठेवून घेतली. ती त्याच्या बोटांची कमाई, असे त्याचे म्हणणे. त्यावर मी वाद घातला नाही, पोरानेही नाही.

आता त्या ओट्यावर पैज चहा-भज्यांचीच असते आणि उस्तादाने डाव्या हाताने खेळायचे असा ठराव झाला आहे. गेल्या खेपेस भज्यांचे पैसे मीच दिले.