लष्कराच्या शेजारची मंडी

म्हैसूर म्हटले की राजवाड्याची रोषणाई, दसऱ्याची मिरवणूक, चंदनाचा साबण आणि तुपाने ओथंबलेला म्हैसूरपाक डोळ्यांपुढे येतो. सहलीला आलेली मंडळी राजवाडा, चामुंडी टेकडी आणि वृंदावन बाग आटोपून परतीच्या गाडीत बसतात. राजवाड्याच्या उत्तरेला असलेल्या मंडी मोहल्ल्याकडे सहसा कुणाची पावले वळत नाहीत. पण म्हैसूरचा लढायांचा आणि बाजारपेठेचा इतिहास एकत्र वाचायचा असेल, तर सुरुवात इथूनच करावी.

जुन्या म्हैसूर शहराचे सात मोहल्ले होते. त्यांतला एक मंडी, म्हणजे घाऊक बाजाराचा, आणि त्याला लागूनच लष्कर मोहल्ला. धान्य आणि शस्त्र अशी ही शेजारी-शेजारी बसलेली जोडी. मंडी मोहल्ल्यात बेंकी नवाब स्ट्रीट नावाचा रस्ता आहे. कन्नडमध्ये ‘बेंकी’ म्हणजे आग. टिपू सुलतानाचा सरदार मोहम्मद रझा हा ‘बेंकी नवाब’ म्हणून ओळखला जाई. मार्च 1799 मध्ये कोडगूच्या सीमेवर सिद्धेश्वर येथे मुंबईहून आलेल्या इंग्रजी फौजेशी झालेल्या लढाईत तो मारला गेला. त्यानंतर दोन महिन्यांच्या आत, 4 मे 1799 रोजी श्रीरंगपट्टण पडले.

‘नक्को’ ऐकून हसू येते

मोहल्ल्यातल्या गल्ल्यांतून फिरताना कानावर कन्नड पडते, तशीच दख्खनी उर्दूही. कुणी भाव पाडून मागितला की दुकानदार ‘नक्को’ म्हणतो आणि मराठी माणसाला एकदम घरच्यासारखे वाटते. आपला ‘नको’ दख्खनीने कधीच आपलासा केला आहे. इथल्या सॉडे रोडचे नाव वाचून मात्र फसू नये. हे मराठी आडनाव नाही. जॉर्ज सॉडे या मिशनरी गृहस्थांचे ते नाव. 1906 साली सुरू झालेले होल्ड्सवर्थ स्मारक रुग्णालय याच रस्त्यावर आहे आणि म्हैसूरकर त्याला ‘मिशन हॉस्पिटल’ म्हणतात. शिसवी लाकडावरच्या जडावकामासाठीही हा मोहल्ला ओळखला जातो. पूर्वी या कामात हस्तिदंत वापरत. आता तो बंद झाला आहे.

शिसवाच्या जोडीने इथे शिशाचीही आठवण काढायला हवी. कारण लष्कर आणि मंडी या दोन्ही शेजाऱ्यांना हा धातू लागत असे.

चुलीवर ओतलेली गोळी

शिसे पाण्याच्या 11 पटींहून अधिक जड, पण मऊ. लोखंड वितळायला दीड हजार अंशांच्या वर उष्णता लागते. शिसे मात्र 327 अंशांवरच पाघळते. म्हणून दोन-अडीचशे वर्षांपूर्वी बंदुकीची गोळी ओतायला कारखान्याची गरज नसे. चुलीचा जाळ, लोखंडी पळी आणि चिमट्यासारखा दोन पाकळ्यांचा साचा एवढ्यावर छावणीत, गढीत, अगदी घरच्या अंगणातही गोळ्या तयार होत. इंग्रजांच्या ‘ब्राउन बेस’ बंदुकीची एक गोळी सुमारे 30 ग्रॅम भरे. अमेरिकेत 1935 साली आलेल्या प्रसिद्ध ‘.357 मॅग्नम’ रिव्हॉल्व्हरची नेहमीची गोळी सुमारे 10 ग्रॅमची असते. 1950 च्या दशकात आलेल्या ‘.44 मॅग्नम’ची 15 ग्रॅमच्या आसपास. या रिव्हॉल्व्हरसाठी जड शिशाच्या गोळ्या घरच्या घरी ओतणारे हौशी लोक अमेरिकेत आजही आहेत. वजनाच्या हिशेबात मात्र टिपूच्या काळची ती गोल गोळी त्यांच्या दुप्पट-तिप्पट होती.

आपल्याकडे हा छंद करता येत नाही. 1959 च्या शस्त्र कायद्यानुसार परवान्याशिवाय काडतुसे किंवा त्यांचे भाग बनवणे गुन्हा आहे. म्हैसूरच्या पश्चिमेला असलेल्या कोडगू जिल्ह्यात कोडव समाजाला बंदूक बाळगण्यासाठी परवान्यातून सूट आहे. इंग्रजांच्या काळापासूनची ही सूट 2019 साली केंद्र सरकारने आणखी दहा वर्षांसाठी वाढवली. सप्टेंबरमधल्या ‘कैलपोद’ सणाला तिथे घरोघरी बंदुकीला फुले वाहून पूजा करतात. आपल्या खंडेनवमीसारखाच हा प्रकार. पण सूट आहे ती बंदूक बाळगण्याची. ती गोळ्या बनवण्याचा परवाना नव्हे.

मराठ्यांचा बाजार आला आणि...

श्रीरंगपट्टण इथून जेमतेम 15 किलोमीटरवर. 15 मे 1791 रोजी लॉर्ड कॉर्नवॉलिसने श्रीरंगपट्टणजवळच अरकेरेची लढाई जिंकली. पण किल्ला त्याच्या हाती लागला नाही. पावसाने रस्ते चिखलात गेले, बैल मेले, धान्य संपले. फौजेकडे गोळ्या होत्या, पण पोटात अन्न नव्हते. ओढायला जनावरे नसल्याने वेढ्यासाठी आणलेल्या अवजड तोफा कॉर्नवॉलिसला स्वतःच फोडून टाकाव्या लागल्या आणि तो माघारी वळला.

माघारीच्या या वाटेवर मेलुकोटेच्या बाजूला त्याला घोडेस्वार येताना दिसले. शत्रूच आला असे आधी वाटले. ते निघाले परशुरामभाऊ पटवर्धन आणि हरिपंत फडके यांचे मराठी सैन्य. त्यांच्यामागून छावणीचा बाजार आला. धान्य, कापड, चैनीच्या वस्तू, सारे काही तिथे विकत मिळत होते. उपाशी इंग्रज अधिकाऱ्यांनी या बाजाराचे वर्णन मोठ्या आश्चर्याने लिहून ठेवले आहे. भाव चढे होते, तरी फौज वाचली. पुढच्याच वर्षी, 1792 च्या फेब्रुवारीत, मराठे, निजाम आणि इंग्रज अशा तिघांच्या फौजांनी श्रीरंगपट्टणला वेढा घातला आणि टिपूला निम्मे राज्य सोडून तह करावा लागला.

गोळी कितीही जड असली तरी ती झाडणारा शिपाई धान्याच्या पोत्यावरच उभा असतो. लष्कराला मंडीचा शेजार का लागतो, याचे उत्तर या एका प्रसंगात आहे.

श्रीरंगपट्टणला गेलात की रंगनाथस्वामींचे मंदिर आणि दर्या दौलत बाग तर पाहालच. बागेतल्या महालाच्या भिंतीवर 1780 च्या पोल्लिलूरच्या लढाईचे मोठे चित्र आहे. त्याबरोबर रेल्वे स्टेशनजवळचे टिपूच्या काळचे शस्त्रागारही पाहा. विटा आणि चुन्यात बांधलेली ही इमारत लोहमार्गाच्या दुपदरीकरणाच्या आड येत होती. 2017 मध्ये ती न पाडता, सुमारे हजार टन वजनाची अख्खी वास्तू उचलून शंभराहून अधिक मीटर अंतरावर नेऊन ठेवली.

वजनाच्या पोटातले शिसे

लष्कराने शिशाची गोळी केली. मंडीने त्याचे काय केले? पुढच्या वेळी वाण्याकडे जुने लोखंडी वजन दिसले तर ते उलटे करून पाहा. बुडाशी एक खळगा असतो. वजन नेमके भरावे म्हणून त्यात शिसे ओततात आणि वजनमापे खाते त्या मऊ शिशावर तपासणीचा शिक्का उमटवते. रणांगणावर जीव घेणारा धातू बाजारात गिऱ्हाईकाच्या हक्काची राखण करतो. इलेक्ट्रॉनिक काट्यांच्या दिवसांत ही वजने कमी होत चालली आहेत.

शिशाची एक बाजू मात्र जुन्या शिपायालाही ठाऊक नव्हती आणि घरातल्या प्रत्येकाला ठाऊक असावी. शिसे हे हळूहळू भिनणारे विष आहे. ते वितळवताना उडणारी वाफ आणि राखेसारखी धूळ हातांना, कपड्यांना चिकटून घरात येते आणि रांगत्या मुलाच्या तोंडात जाते. शिशाचे कोणतेही प्रमाण सुरक्षित नाही, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. मुलांची बुद्धी आणि वाढ दोन्ही त्याने खुंटतात. म्हणूनच 2000 साली देशभर शिसेविरहित पेट्रोल आले आणि पुढे घरगुती रंगांतील शिशावरही कायद्याने मर्यादा आली. जुनी बॅटरी फोडून शिसे काढण्याचा उद्योग घराच्या आसपास कुणी करत असेल, तर मुलांना तिथून दूर ठेवा. भांड्यांना कल्हई करून घेताना शुद्ध कथलाचाच आग्रह धरा. स्वस्ताईसाठी त्यात शिसे मिसळले जाण्याचा धोका असतो.

जायचे कसे?

मुंबईहून दादर-म्हैसूर शरावती एक्स्प्रेस थेट म्हैसूरला पोहोचते. स्टेशनपासून मंडी मोहल्ला रिक्षाने थोड्याच अंतरावर आहे. सकाळी बाजार गजबजल्यावर गल्ल्यांतून पायी फिरावे, जवळच्या अशोका रोडवरचे सेंट फिलोमिना चर्चचे उंच जोड मनोरे पाहावेत आणि दुपारनंतर श्रीरंगपट्टण गाठावे. ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. दसऱ्यात जायचे असेल तर राहण्याची सोय आधीच करून ठेवा. आणि मोहल्ल्यात खरेदी करताना भाव पटला नाही, तर बेधडक ‘नक्को’ म्हणा. लोक समजून घेतात.